पोलिसाची वर्दी आणि संस्थांचे अनुदान

आमच्या वस्तीतील मनुष्य पोलीस ठाण्याची पायरी चढतो तो बहुधा फिर्यादी म्हणून अथवा संशयित म्हणून. टेबलाच्या पलीकडे बसून फिर्याद लिहून घेणारा शिपाई आपल्या घरचा असू शकतो, ही गोष्ट आमच्या कित्येक मातापित्यांना आजही मनापासून पटत नाही. मुलगा मास्तर व्हावा, बँकेत चिकटावा, मुलगी परिचारिका व्हावी, असे ते म्हणतात. पोलिसात जावे असे म्हणणारे थोडे. या अनिच्छेला कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. परंतु ज्या दाराने आपल्याला सर्वाधिक काळ बाहेर ठेवले त्याच दाराकडे आपण पाठ फिरवावी काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

हे दार आमच्या पूर्वजांनी ठोठावले नाही असे मुळीच नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली. त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली दक्षिणेतील महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे जो अर्ज धाडला त्यात सैन्याबरोबरच पोलीस शिपायाच्या जागाही मागितल्या होत्या. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सायमन कमिशनपुढे जे निवेदन ठेवले त्यातही सैन्य, आरमार आणि पोलीस या तिन्ही खात्यांत प्रवेशाचा हक्क मागितलेला आहे. आता वर्धेकरांनी एक योगायोग ध्यानात घ्यावा. त्याच वर्षी, जुलै महिन्यात, आमच्या वर्धा शहरातील लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी अस्पृश्यांना खुले केले. त्या घटनेचा गौरव आजही होतो आणि तो करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. मात्र एकाच वर्षी एकीकडे देवळाचे दार उघडले जात होते आणि दुसरीकडे बाबासाहेब ठाण्याचे दार मागत होते. आमच्या माणसाला मार पडला तर त्याची फिर्याद कोणी लिहून घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर देवळाच्या दारात नव्हते.

आज हा हक्क कायद्याने मान्य आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ चा. त्याखालील नियम १९९५ चे. त्यांतील तेराव्या नियमाने राज्य शासनावर अशी जबाबदारी टाकली आहे की पोलीस दलात सर्व स्तरांवर, आणि विशेषेकरून पोलीस चौकी व पोलीस ठाणे या पातळीवर, अनुसूचित जाती-जमातींचे पुरेसे प्रतिनिधित्व असावे. हा नियम आमच्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांनी वाचला आहे. कलमे पाठ असणारी मंडळी आमच्यात पुष्कळ आहेत. नियमांचे पुस्तक उघडणारी कमी.

शासनाने हे काम अर्धवट का होईना, हाती घेतले आहे. अल्पसंख्याक विकास विभागाची पोलीस शिपाई भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, जैन, पारशी यांच्याप्रमाणे बौद्धही महाराष्ट्रात अल्पसंख्याक गणले जात असल्यामुळे ती आपल्यालाही लागू आहे. जिल्हाधिकारी कार्यालय संस्थांकडून प्रस्ताव मागविते, निवडलेल्या संस्थेला अनुदान मिळते आणि संस्था सुमारे दोन महिने उमेदवारांची मैदानी व लेखी तयारी करून घेते. उमेदवाराला विद्यावेतन, गणवेश आणि अल्पोपाहार मिळतो. दुसरीकडे पुण्याची बार्टी ही संस्था अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी असेच प्रशिक्षण निवडक प्रशिक्षण संस्थांमार्फत चालवीत आली आहे. म्हणजे आमच्या तरुणाला दोन वाटा आहेत; एक बौद्ध म्हणून, दुसरी अनुसूचित जातीचा म्हणून.

आमचे मत असे की या योजनांचा हेतू चांगला असला तरी त्यांचे मोजमाप चुकीचे आहे. किती नावे नोंदविली आणि किती दिवस वर्ग भरले यावर अनुदान ठरते. किती उमेदवार शेवटपर्यंत टिकले आणि किती भरती झाले हे कोणी विचारीत नाही. शिपाई भरतीची शारीरिक चाचणी पन्नास गुणांची असते. त्यांतील वीस गुण पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे व स्त्रियांना ८०० मीटर धावण्याचे. उरलेले शंभर मीटर धाव आणि गोळाफेक यांचे. निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा विचारच नाही, आणि ते मिळाले तरी एका जागेमागे दहांनाच लेखीस बोलावतात. २०२४ सालच्या भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. जिथे सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत धावून यावे तेव्हा पूर्ण गुण पडतात, तिथे दोन महिन्यांत काय होणार? पाय आणि श्वास तयार व्हायला वर्ष लागते, आणि वर्षभर दूध, अंडी, केळी लागतात.

त्यातही वर्ग अनिवासी. आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील खेड्यातल्या शेतमजुराच्या मुलीने पहाटे साडेपाचला वर्ध्याच्या मैदानावर कसे पोहोचावे, हे योजना लिहिणाऱ्याच्या मनात आले नसावे. बरे, वर्ग नेमके दसरा-दिवाळीच्या सुमारास निघाले तर त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते आणि मागोमाग कापसाची वेचणी. वेचणीला गेले तर रोख मजुरी त्याच आठवड्याला हाती पडते; विद्यावेतन केव्हा जमा होईल ते अनुदान केव्हा येईल यावर. मुलगा तिसऱ्या आठवड्यात मैदान सोडतो आणि संस्थेचा चालक म्हणतो, आमच्या मुलांत चिकाटी नाही. चिकाटी त्याच्यात पुष्कळ असते. घरात दाणे नसतात.

म्हणून आमची मागणी अशी की अनुदानाचा मोठा हिस्सा तालुक्याच्या ठिकाणी निवासाची व जेवणाची सोय करण्यावर खर्च व्हावा, आणि विद्यावेतन दर आठवड्याला हाती पडावे. संस्थेला शेवटचा हप्ता उमेदवार मैदानी चाचणीस प्रत्यक्ष उतरले हे पाहूनच मिळावा. यामुळे नावांची यादी करून पैसे उचलणाऱ्या मंडळींची पंचाईत होईल, पण ती व्हावीच. त्यांत आपल्याही समाजातील काही पुढारी असतील तर त्यांची गय करण्याचे कारण नाही.

भरती हा अर्धाच प्रश्न. टिकणे हा उरलेला. उत्तर आयर्लंडात अल्पसंख्य कॅथलिकांचे पोलीस दलातील प्रमाण शेकडा आठच्या आसपास होते. पॅटन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानंतर, २००१ ते २०११ या काळात निम्मे उमेदवार कॅथलिक घ्यावेत असा नियम केला, आणि प्रमाण शेकडा तीसच्या जवळ गेले. तिथे कॅथलिकांच्या आवडत्या गेलिक क्रीडासंघाने पोलिसांना सभासद न करण्याचा आपला जुना नियम २००१ साली स्वतः काढून टाकला, ही गोष्ट मला त्या सरकारी नियमाइतकीच महत्त्वाची वाटते. ज्या समाजात वर्दी घातलेल्या मुलाशी लोक बोलणे तोडतात तिथे मुलगा वर्दीत टिकत नाही. आपल्याकडे बोलणे तुटत नाही, परंतु त्याने ओळखीच्याचा गुन्हा नोंदविला की तो साहेबांचा माणूस ठरतो आणि नोंदविला नाही की समाजाचा. वर्धा जिल्ह्यात तर १९७५ पासून दारूबंदी आहे. आपल्याच वस्तीतील भट्टीवर धाड घालण्याची वेळ या मुलावर येणार, आणि त्या दिवशी विहारातील पंच त्याच्या पाठीशी उभे राहणार की नाहीत, हे आजच ठरवावे लागेल.

बढतीचेही तसेच. २००४ सालच्या शासन निर्णयाने दिलेले बढतीतील आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द ठरविले, आणि ७ मे २०२१ च्या निर्णयाने सर्व जागा, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून, सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. शिपाई म्हणून लागलेला आमचा तरुण ठाणेदार केव्हा होणार, याचे उत्तर भरतीपूर्व वर्गात मिळत नाही.

कोणी म्हणेल, आपली माणसे खात्यात असून काय झाले? खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ चे, आणि त्या प्रकरणात ज्यांच्या हातून हयगय झाली त्या अधिकाऱ्यांत दलितही होते, असे आनंद तेलतुंबडे यांनी दाखवून दिले आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही झटकून टाकीत नाही. एकटा अधिकारी खात्याच्या रीतीत विरून जातो. यासाठीच नियमात ठाण्याच्या पातळीचा वेगळा उल्लेख आहे. एका ठाण्यात आपले सहाजण असतील, त्यांत दोघी स्त्रिया असतील, तर रात्री फिर्याद घेऊन आलेल्या बाईला सकाळी या असे सांगणे अवघड होईल. एवढीच अपेक्षा, यापेक्षा मोठी अपेक्षा वर्दीकडून ठेवू नये.

कागदपत्रांविषयी थोडे. ४ जून १९९० रोजी बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात लागू झाल्या. महाराष्ट्र शासनाने त्या आपल्या अखत्यारीत १९६० सालीच दिल्या होत्या. तरीही मुले जातीचा दाखला अन् पडताळणी प्रमाणपत्र यांपायी मागे राहतात. अनुसूचित जातीसाठी पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, हे कागद भरतीची जाहिरात निघाल्यावर शोधू लागल्यास मिळत नाहीत. मुलगा दहावीत असतानाच कुटुंबाने ते गोळा करून ठेवावेत. दाखल्यावर धर्म बौद्ध लिहिल्याने सवलत जाईल ही भीती अजून कित्येकांना आहे. ती आता निराधार आहे.

आणि ज्या मंडळांना प्रशिक्षणवर्ग चालवावयाचा आहे त्यांनी प्रस्ताव लिहिण्यापूर्वी माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करावा. दहा रुपये शुल्क लागते, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारावे की गेल्या पाच वर्षांत वर्धा जिल्ह्यात भरतीपूर्व प्रशिक्षणासाठी कोणत्या संस्थांना किती रक्कम दिली, किती बौद्ध उमेदवार दाखल झाले, आणि त्यांतील किती शेवटच्या दिवशी हजर होते. पोलीस अधीक्षक कार्यालयाला विचारावे की जिल्ह्यातील प्रत्येक ठाण्यात अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी किती, आणि त्यांत स्त्रिया किती.