सिलिकॉनची भीती विकणारे आणि सिलिकॉनची माहिती दाबणारे



सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज फिरतो. "शाम्पूतलं सिलिकॉन म्हणजे प्लास्टिक. ते मुळाशी जाऊन बसतं, केस गळतात, कॅन्सर होतो. आजच बंद करा." आणि खाली कुठल्यातरी 'सिलिकॉन-फ्री' शाम्पूची लिंक. भीती घालणारा आणि माल विकणारा एकच माणूस. तरी आपण "फॉरवर्ड करा, ताईंना उपयोग होईल" म्हणून पुढे ढकलतो.

आपल्या महाळुंग्यात (मुळशीतलं, बालेवाडीला लागून असलेलं. चाकणचं नव्हे) केसगळती हा विषय पाण्याइतकाच पेटलेला आहे. २०२१ ला गाव महापालिकेत गेलं, तरी टँकर आणि बोअर काही सुटले नाहीत. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर, बादलीला पांढरा थर. त्यामुळे केस राठ झाले की आधी पाण्याला शिव्या आणि मग शाम्पूला. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सिलिकॉन हा केसांचा शत्रू नाही. पण ते आपल्याला नीट न सांगता विकलं जातं, आणि डोक्यावरून उतरल्यावर ते जातं कुठे हे कुणी विचारत नाही. भांडायचंच असेल तर या दोन गोष्टींवर भांडा.

आधी सिलिकॉन म्हणजे काय ते बघू. वाळूत जी सिलिका असते तिच्यापासून कारखान्यात बनवलेला, तेलासारखा बुळबुळीत पदार्थ. शाम्पू-कंडिशनरमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं नाव डायमेथिकोन. ते केसावर एक अतिशय पातळ थर चढवतं. केसाला केस घासत नाही, कंगवा अडकत नाही, तुटणं कमी होतं, चमक येते, पावसाळ्यात केस पिंजारत नाहीत. ड्रायर किंवा स्ट्रेटनर वापरणाऱ्यांना उष्णतेपासून थोडा आडोसा मिळतो. लांब, कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांना याचा खरोखर उपयोग होतो. हे मान्य करायला लाज कसली?

"मुळात जाऊन बसतं" हे मात्र थोतांड. डोक्याबाहेर दिसणारा केस हा मृत भाग आहे. जिवंत मूळ कातडीच्या आत. डायमेथिकोनचा रेणू इतका मोठा असतो की तो कातडीतून आत जाणं जवळजवळ होतच नाही. आणि ज्यांना 'सिलिकॉन पोटात गेलं तर' अशी धास्ती वाटते त्यांनी घरातल्या ॲसिडिटीच्या पातळ औषधाची बाटली उलटी करून बघावी. बऱ्याच बाटल्यांवर सिमेथिकोन लिहिलेलं सापडेल. ते याच घराण्यातलं, गॅसेससाठी दिलेलं. परदेशात उवा मारायच्या लोशनमध्येसुद्धा डायमेथिकोन वापरतात.

आता तोटे. ते आहेत, आणि तेही नीट समजून घ्या.

पहिला तोटा म्हणजे थर साचणं. पाण्यात न विरघळणारं सिलिकॉन प्रत्येक धुण्यात पूर्ण निघेलच असं नाही. त्यावर खोबरेल तेल, त्यावर बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम. मग केस चिकट, चपटे, निर्जीव वाटतात. बारीक आणि तेलकट केसांना हा त्रास जास्त. यात गंमत अशी की अनेक जण महागडा 'सल्फेट-फ्री' शाम्पू आणतात आणि कंडिशनर मात्र सिलिकॉनचा. सौम्य शाम्पूने तो थर नीट निघत नाही आणि खापर फुटतं पाण्यावर. अधूनमधून साधा, नीट फेस होणारा शाम्पू वापरला तरी बहुतेकांचं काम भागतं. त्यासाठी आठशे रुपयांची बाटली लागत नाही.

दुसरा तोटा म्हणजे फसवी जाहिरात. 'डॅमेज रिपेअर'. अहो, मेलेल्या केसाची दुरुस्ती कसली करता? दुभंगलेलं टोक सिलिकॉनने तात्पुरतं चिकटल्यासारखं दिसतं, दोन धुण्यांत पुन्हा उघडं. भिंतीला ओल आलेली असताना वरून रंग मारला तर त्याला कुणी डागडुजी म्हणतं का? तुलनेसाठी सांगतो, २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल तेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून प्रसिद्ध केली होती. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि केसातलं प्रथिन निघून जाणं कमी करतं, असा त्यांचा निष्कर्ष. कंपनी तेलवाली आहे हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा. पण फरक समजतो. सिलिकॉन फक्त बाहेर राहतं. बाहेर राहणाऱ्या वस्तूने 'आतून पोषण' होत नाही.

आणि केसगळतीचं काय? लोह कमी, थायरॉइड, बाळंतपण, डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती, आनुवंशिक टक्कल. डॉक्टरकडे जायचं ते यासाठी. घाईने दोष द्यायची सवय किती महागात पडते ते २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याने दाखवलं. शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस मुठी-मुठीने गळायला लागले. आधी बोट गेलं पाण्याकडे, बुरशीकडे. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. न्हाणीघरात शोधत होतो ते पिठाच्या डब्यात निघालं. आपणही शाम्पूची बाटली फेकून निवांत बसलो तर खरं कारण तसंच राहील.

सिलिकॉनला घाबरून लोक कुठे जातात तेही बघा. पार्लरमध्ये 'केमिकल नाही, फॉर्मलिन नाही' म्हणून केस सरळ करून देणाऱ्या ट्रीटमेंटकडे. अशा काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची केस आली. तीन वेळा सलूनमध्ये केस सरळ केले, तिन्ही वेळा किडनीला इजा. हे अंगावर घ्यायचं आणि डायमेथिकोनला बिचकायचं?

आता कुणीतरी म्हणेलच, "मग युरोपने बंदी का घातली?" बरोबर प्रश्न. पण अर्धा. युरोपने सगळ्या सिलिकॉनवर बंदी घातलेली नाही, डायमेथिकोन तिथे आजही विकतात. बंधन आहे ते गोलाकार रचनेच्या, डी४ आणि डी५ नावाच्या सिलिकॉनवर. धुऊन टाकायच्या प्रसाधनात त्यांचं प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा कमीच हवं, असा नियम ३१ जानेवारी २०२० नंतर लागू झाला. २०२४ मध्ये त्यात डी६ आलं, आणि सीरमसारखी न धुता ठेवायची उत्पादनंही. डी५ वर हे बंधन का? केस गळतात म्हणून नाही. ते निसर्गात लवकर मोडत नाही आणि जलचरांच्या शरीरात साचतं म्हणून. कॅनडाने हाच डी५ तपासून २०१२ मध्ये उलट निर्णय दिला, की पर्यावरणाला धोका नाही. म्हणजे शास्त्रज्ञांत वाद आहे. पण तिथे सरकारांनी तपासलं, तारीख लावली, टक्का ठरवला आणि लोकांना सांगितलं.

आपल्याकडे? आपण डोक्यावरून ओतलेलं पाणी शेवटी मुळेत जातं. मुळेतून भीमेत, भीमेतून उजनीत. सांडपाणी प्रकल्प असला तरी सिलिकॉनचा बराच भाग तिथल्या गाळाला चिकटतो, आणि तो गाळ कुठे टाकतात हा पुढचा प्रश्न. मुळेत जलपर्णी दिसते म्हणून निदान दर उन्हाळ्यात ओरड होते. जे दिसत नाही त्यासाठी ओरडणार कोण?

आणि सगळ्यात मोठी चीड मला ज्याची आहे ती गोष्ट. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे बाटलीवर घटकांची यादी छापावी लागते. पण ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या पॅकला त्यातून सूट आहे. म्हणजे दुकानाच्या दारात माळेसारख्या लटकणाऱ्या एक-दोन रुपयांच्या सगळ्या पुड्या त्या सुटीत बसतात. काही कंपन्या तरीही छापतात, त्यांचं कौतुक. पण ते त्यांच्या मर्जीवर, आणि अक्षर असं की भिंग लागावं.

पुडी कोण घेतं? बांधकामावरच्या बाया, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, भाड्याच्या खोलीत चौघांत राहणारी पोरं. हायराइजमधली वहिनी आठशेची बाटली उलटी करून घटक वाचू शकते. तिच्याच घरी काम करणाऱ्या मावशीला तो हक्क कायद्याने दिलेलाच नाही. 'जागा नाही' ही सबब आता चालणार नाही. हिरोइनचा फोटो छापायला जागा असते ना?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

१. पुडीची सूट काढा. पुडीवर जागा नसेल तर माळेच्या पट्टीवर छापा, पण छापा. आणि मराठीत छापा.

२. अन्न व औषध प्रशासनाने जाहीर सांगावं: डी४, डी५ साठी आपल्या बाटलीला मर्यादा आहे का? असेल तर किती? नसेल तर का नाही?

३. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुळेच्या आणि सांडपाणी प्रकल्पाच्या गाळात हे घटक तपासून आकडे लोकांसमोर ठेवावेत.

तोवर आपण एवढं करू. बाटली उलटी करा. ज्या नावाच्या शेवटी 'कोन' किंवा 'सिलोक्सेन' येतं ते सिलिकॉन. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे ते नाव वरच्या चार-पाचांत असेल तर प्रमाण चांगलंच आहे असं समजा. केसांना मानवत असेल तर खुशाल वापरा. चिकट होत असतील तर सोडा. 'सायक्लो'ने सुरू होणारं सिलिकॉन टाळता आलं तर नदीसाठी टाळा. शिकेकाई-रिठा वापरणाऱ्यांनाही सांगतो, चांगलं आहे, पण रिठा डोळ्यात गेला की नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज उतरतो.

आणि तो व्हॉट्सॲप मेसेज पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला एकच विचारा, "दादा, खालची लिंक कुणाची?"

आपल्या दुकानातल्या पुडीवर घटक छापलेत का, बघून फोटो कॉमेंटमध्ये टाका. ज्यांवर नाहीत त्यांची यादी करून मी अन्न व औषध प्रशासनाला अर्जासोबत देणार आहे. पोस्ट पटली तर नावासकट शेअर करा, नाही पटली तर खाली येऊन भांडा. दोन्हीला स्वागत आहे.