जाम झालेला बोल्ट आणि मजुरीचा हिशेब

माझ्याकडे 1998 ची मारुती 800 आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या तापमानाचा काटा वर चढू लागला. एका गॅरेजात नेली. थर्मोस्टॅट बदलायचा म्हणून मुलाने पान्याला लांब पाइप लावला आणि जोर दिला. बोल्टचं डोकं तुटून हातात आलं, दांडा आतच राहिला. मग उत्तर मिळालं, ‘‘थर्मोस्टॅटची गरजच नाही, आपला देश गरम आहे. तो काढूनच टाकू.’’

हे वाक्य जुनी गाडी चालवणाऱ्या अनेकांनी ऐकलं असेल. ते चुकीचं आहे. थर्मोस्टॅट थंड देशासाठीच असतो असं नाही. इंजिन गार असताना तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. साधारण 82 ते 88 अंशांना तो उघडतो. तो नसला की इंजिन जास्त वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. खरी अडचण हवामानाची नव्हती, तुटलेल्या बोल्टची होती.

गाडी मी आमच्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या उस्तादांकडे नेली. त्यांनी आधी मला विचारलं, ‘‘पानी कौनसा डालते?’’ मी खरं सांगितलं, बोअरचं. ते नुसतं हसले.

बोल्ट जाम होण्याचं मूळ तिथेच असतं. बोल्ट लोखंडी, तो बसतो त्या भागाचं धातू अ‍ॅल्युमिनियम. दोन धातूंच्या मध्ये क्षारांचं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि फुगून बोल्टला आवळून धरते. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. पण कूलंटचे पैसे वाचवायचे म्हणून आपण वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी ओततो आणि बोल्ट तुटला की दोष मेकॅनिकला देतो.

उस्तादांनी गाडी पूर्ण गार होऊ दिली, पाणी काढलं. जुना होज नळीला चिकटला होता. शागीर्द स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला गेला, तर त्याला थांबवून त्यांनी ब्लेडने होजला उभा छेद दिला. होज स्वस्त असतो, रेडिएटरची नळी नाही. उरलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून तो रात्रभर तसाच ठेवला. सकाळी हलक्या हातोडीने डोक्यावर टकटक केली, पेट्रोलचे पाइप बाजूला घेऊन बोल्टच्या भोवतीचा भाग तापवला. शागीर्दाने पाना उचलला तेव्हा म्हणाले, ‘‘जोर नको लगा बेटा. पहले थोडा कस, फिर खोल.’’

तापवल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड सैल होते. आधी किंचित आवळलं की भुकटीचा थर मोडतो. उस्तादांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्यांचं प्रत्येक पाऊल पदार्थविज्ञानाला धरून होतं. तुटलेला दांडा मधोमध ड्रिल करून काढला, आटे पुन्हा पाडले, नवा थर्मोस्टॅट आणि पॅकिंग बसवलं.

आता मजुरीचं. पहिल्या गॅरेजातल्या मुलाला मी पूर्ण दोषी मानत नाही. आपण पार्टचे पैसे मुकाट देतो, पण ‘‘एक बोल्ट तर काढला, त्याचे एवढे?’’ असं विचारतो. रात्रभर थांबण्याचे पैसे कुणीच देणार नसेल, तर पान्याला पाइप लावणंच त्याला परवडतं. धीराला किंमत नसली की घाई होते आणि तिची किंमत शेवटी गाडीवालाच मोजतो.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालाने मुस्लिम कामगारांचं मोठं प्रमाण स्वयंरोजगारात असल्याचं नोंदवलं आहे. गाड्यांची दुरुस्ती त्यातलंच एक क्षेत्र. आज ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्याला शिवी म्हणून ऐकवला जातो. त्याला उत्तर देताना आपण डॉक्टर, इंजिनिअर झालेल्यांची नावं पुढे करतो. म्हणजे हाताचं काम हलकं आहे, हे नकळत मान्यच करतो. मुलांनी शिकावं, जरूर शिकावं. पण शाळा सोडून गॅरेजात जावं लागणं ही शरमेची गोष्ट आहे, गॅरेजातलं काम नव्हे.

उस्तादांचा शागीर्द आयटीआयलाही जातो. तिथला कागद आणि इथला हात, दोन्ही त्याला मिळायला हवेत. आपल्याकडून एवढं तरी व्हावं: गाडीत कूलंट घालावं आणि उस्तादाने ‘‘कल आओ’’ म्हटलं तर उद्या जावं, मजुरीत घासाघीस न करता.