नदीकाठची वाट सायकलला खुली, पण उतरायचं कुठून?

अहमदाबादेत साबरमतीकाठची खालची वाट २०१२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. दोन्ही काठांवर ती प्रत्येकी ११ किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर पट्ट्यात याच धर्तीचं काम चालू आहे. अशा वाटांवर सायकली येऊ द्यायच्या का, हा प्रश्न आता शहरोशहरी निघणार.

सायकलवाल्याला नदीकाठ सोयीचाच. रस्ते पुलांवरून वरच्या वर जातात, खाली ना चौक ना सिग्नल. पण नुसत्या पायऱ्याच असतील, तर कामावर निघालेला माणूस वरच्या ट्रॅफिकमधूनच जाणार. पहाटे गेटला कुलूप असेल, तर पहिल्या पाळीचा कामगार बाहेरच. चालणाऱ्या आजी-आजोबांना धक्का लागू नये म्हणून सायकलींचा पट्टाही वेगळा हवा.

शिवाय पावसाळा आहेच. धरणातून पाणी सुटलं की साबरमतीची खालची वाट बंद करावी लागते. तेव्हा वरच्या रस्त्यावर सायकलला जागा नसेल, तर ही सोय रविवारच्या फेरफटक्यापुरतीच उरते. त्यामुळे उद्घाटनाला किलोमीटर मोजण्याआधी रॅम्प किती, हे मोजलेलं बरं.