'पित्त' कुठलं? पोटातलं की अंगावरचं?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या शहरातल्या एका रुग्णालयात नवीन संगणकप्रणाली सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. पैठणकडच्या एक मावशी पायाच्या जखमेत पू झाला म्हणून दाखल झाल्या. अंगात ताप होता. स्क्रीनवर त्यांची सगळी माहिती व्यवस्थित भरलेली होती. पूर्वीचा त्रास: ॲसिडिटी. औषधाची ॲलर्जी: नाही. मी पेनिसिलिनच्या गटातलं एक इंजेक्शन लिहिलं आणि सवयीप्रमाणे विचारलं,

"मावशी, याआधी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?"

"नाही हो डॉक्टरसाहेब. एकदा सुई दिल्यावर पित्त उठलं होतं, तेवढंच. ते सांगितलं की मी बाहेर त्या पोरीला."

"कुठं उठलं होतं?"

मावशींनी बाही वर केली. "हे असं, सगळ्या अंगभर. ओठ बी सुजले होते."

पिशवीतून त्यांनी एक जुना कागद काढला. त्यावर त्या सुईचं नाव होतं. औषध त्याच गटातलं होतं. मी ते खोडलं आणि दुसरं लिहिलं. मावशी बऱ्या होऊन घरी गेल्या.

आता यात चूक कोणाची? मावशींनी काही लपवलं नव्हतं. बाहेरच्या मुलीनं 'पित्त' ऐकलं, यादीत पाहिलं आणि सर्वांत जवळचा शब्द निवडला: ॲसिडिटी. पुढचा प्रश्न होता, "कशाची ॲलर्जी आहे का?" मावशींना तो शब्दच माहीत नव्हता, म्हणून त्या "नाही" म्हणाल्या. प्रणाली बनवणाऱ्यांनी आम्ही दिलेल्या यादीप्रमाणेच रकाने केले होते. आणि ती यादी तपासून देणाऱ्यांमध्ये मीही होतो.

एक शब्द, चार अर्थ

आपल्याकडे छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले, की 'पित्त झालं'. अंगावर लाल, खाजणाऱ्या गांधी उठल्या, की 'पित्त उठलं'; मग घरी कोणीतरी आमसुलाचं पाणी लावतं. पित्ताशयात खडे झाले, की तेही 'पित्ताचे खडे'. आणि वैद्यांकडे गेलात तर वात, पित्त, कफ यांतलं पित्त निराळंच. बोलताना याची अडचण होत नाही, कारण समोरचा माणूस तुमच्या हाताकडे, पोटाकडे, चेहऱ्याकडे पाहत असतो.

कागदाच्या केसपेपरवर निदान "सुई दिल्यावर पित्त उठले" असं रुग्णाच्या शब्दांत लिहिता येत होतं. वाचणारा थबकला असता. संगणकाच्या यादीत मात्र एकच पर्याय निवडावा लागतो. एकदा 'ॲसिडिटी' निवडलं की रुग्णाचं मूळ वाक्य नाहीसं होतं आणि तो चुकीचा शब्द वॉर्डात, औषधांच्या काउंटरवर, पुढच्या भेटीत सगळीकडे जसाच्या तसा पोहोचतो. वर तो छापील असल्यामुळे खराच वाटतो.

डिस्चार्ज नेमका कधी होतो?

त्या प्रसंगानंतर प्रणाली बनवणारे तरुण इंजिनिअर आमच्यासोबत पुन्हा बसले. त्यांच्यातल्या एकीनं साधा प्रश्न विचारला, "डिस्चार्जची वेळ म्हणजे कोणती वेळ?" मी म्हणालो, सकाळच्या राउंडला डॉक्टर "घरी जाऊ द्या" म्हणतात ती. हिशेबनीस म्हणाले, बिल भरून होतं ती. सिस्टर म्हणाल्या, खाट रिकामी होते ती. एका रुग्णाच्या मुलाला विचारलं, तर त्याच्या लेखी वडील रिक्षात बसले ती. चौघेही वर्षानुवर्षं एकच शब्द वापरत होतो. "डॉक्टरांनी सकाळीच सोडलं, मग दुपारपर्यंत का बसवलं?" या रोजच्या भांडणाचं मूळ तिथं होतं. शेवटी तीन वेगळ्या नोंदी ठरल्या: डॉक्टरांची परवानगी, बिल पूर्ण, खाट रिकामी.

सॉफ्टवेअरच्या जगात हे काम ओळखीचं आहे. एरिक इव्हान्स यांनी 2003 साली 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या पुस्तकात आग्रह धरला की प्रणाली बनवणारे आणि त्या क्षेत्रातले जाणकार यांची भाषा एकच असावी आणि तेच शब्द प्रणालीतही यावेत. असं न झाल्यास काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण अवकाशातलं आहे. 1999 साली 'नासा'चं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. एका गटाचं सॉफ्टवेअर पौंडांच्या मापात आकडे देत होतं आणि दुसरा गट ते न्यूटनच्या मापात आहेत असं धरून चालला होता.

असा घोळ तुमच्या फ्रीजमध्येही होऊ शकतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात, तर पेनच्या काडतुसात 100. सिरिंजही वेगळ्या: लाल टोपणाची 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. पेनमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं '10' च्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात 10 नव्हे, 25 युनिट जातात. फोनवर मात्र रुग्ण एवढंच सांगतो, "दहा पॉइंट घेतलं."

माझं म्हणणं

काही सहकारी म्हणतात, ही शब्दांची उठाठेव कशाला? जगभरात वापरली जाणारी 'स्नोमेड सीटी' ही वैद्यकीय संज्ञांची प्रमाणित सूची आहेच. भारत 2014 पासून तिचा सदस्य आहे. प्रत्येक संज्ञेला तिच्यात ठरावीक क्रमांक आहे. हे खरं आहे, आणि ती सूची हवीच. पण 'पित्त' या शब्दापासून योग्य क्रमांकापर्यंत पोहोचवणार कोण? ते काम नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी करते, गर्दीत, मिनिटभरात. तिथं चुकलं, तर पुढचा क्रमांक कितीही प्रमाणित असला तरी माहिती चुकीचीच.

म्हणून रुग्णालयात प्रणाली आणण्याआधी स्थानिक शब्दांची यादी बनवली पाहिजे, आणि ती बनवताना डॉक्टर व इंजिनिअर यांच्यासोबत सिस्टर, फार्मासिस्ट, नोंदणी कर्मचारी आणि दोन-चार रुग्णही बसले पाहिजेत. वेळ नाही, ओपीडीची गर्दी आहे, हे मलाही मान्य आहे. पण आमची पहिली यादी तीन दुपारांत झाली. 'ॲलर्जी आहे का?' या प्रश्नाच्या जागी आता विचारलं जातं: "कुठलं औषध किंवा सुई घेतल्यावर अंगावर उठलं, ओठ सुजले, दम लागला किंवा चक्कर येऊन पडलात, असं झालंय का?" आणि रुग्णाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायला एक मोकळा रकानाही ठेवला.

रुग्णांनी इंग्रजी शब्द शिकावेत असं मी म्हणणार नाही. समजेल असं विचारणं हे आमचं काम आहे. तरी तुम्ही चार गोष्टी केल्यात तर मोठी मदत होईल.

1. त्रासाचं नाव सांगण्यापेक्षा तो कसा झाला ते सांगा. 'पित्त' म्हणालात तर जळजळ की अंगावर गांधी, हेही सांगा. 'चक्कर' म्हणालात तर घर फिरल्यासारखं वाटलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, ते सांगा.

2. औषधाचा त्रास झाला असेल तर औषधाचं नाव, किती वेळानं काय झालं, हे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. गोळीनं नुसते जुलाब झाले तर ती बहुधा ॲलर्जी नसते. तशी नोंद झाली तर चांगलं औषध उगाच हातचं जातं. ठरवायचं काम डॉक्टरांवर सोडा, पण सांगा जरूर.

3. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगला असं समजू नका. ज्याचा शोध घेतला ते सापडलं, एवढाच त्याचा अर्थ.

4. 'आभा' आणि 'आयुष्मान' ही दोन कार्डं वेगळी आहेत. आभा हा तुमच्या आरोग्य नोंदींचा 14 अंकी क्रमांक आहे. त्यावर मोफत उपचार मिळत नाहीत. उपचारखर्चाच्या योजनेसाठी आयुष्मान कार्ड लागतं. दाखल होण्याआधीच काउंटरवर नीट विचारून घ्या.

आणि एक तातडीची सूचना. कुठलंही औषध घेतल्यावर अंगावर पित्त उठलं आणि सोबत ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला किंवा गरगरलं, तर आमसूल लावत घरी थांबू नका. 108 ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात लगेच पोहोचा. तिथं पोहोचल्यावर फक्त "पित्त उठलं" म्हणू नका. "औषध घेतल्यावर अंगावर उठलं आणि दम लागतोय" असं पूर्ण वाक्य सांगा.