खेळाची सीमारेषा

हुतूतूच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा असतात. त्या रेषांच्या आत जो गडी 'मरतो' तो बाहेर जाऊन बसतो, आणि त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी मारला की पुन्हा 'जिवंत' होऊन आत येतो. हे मरण खरे नव्हे, हे खेळणाऱ्यांना ठाऊक असते. तसेच रेषेबाहेरून जाणाऱ्या वाटसरूला कोणी पकडावयाचे नाही, हेही ठाऊक असते.

आता ही रेषाच पुसून टाकणारे खेळ निघाले आहेत. जुलै २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला 'पोकेमॉन गो' हा त्यांतील फार गाजलेला खेळ. उपग्रहांच्या संदेशांवरून खेळाडू कोठे उभा आहे हे त्याच्या मोबाइल फोनला कळते, आणि गावाच्या खऱ्या नकाशावर काल्पनिक प्राणी, वस्तू मिळण्याची ठाणी व झुंजीचे आखाडे दिसू लागतात. प्राणी पकडावयाचा तर खुर्चीत बसून भागत नाही. उठून चालावे लागते. डिसेंबर २०१६ मध्ये हा खेळ भारतातही आला.

ही कल्पना मोठी मनोहर आहे, यात शंका नाही. घरकोंबडी मुले तिच्यामुळे बाहेर पडली. अमेरिकेतील तरुणांच्या एका पाहणीत असे आढळले, की पहिल्या आठवड्यात त्यांचे चालणे दररोज साडेनऊशे पावलांहून अधिक वाढले होते. मात्र सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ ओसरली.

परंतु ठाणी कोठे असावीत, हे ठरविले कोणी? त्याच कंपनीच्या 'इन्ग्रेस' नावाच्या आधीच्या खेळात खेळाडूंनी सुचविलेल्या जागा येथे वापरल्या गेल्या. त्या जागांशी ज्यांचे नाते होते, त्यांना मात्र कोणी विचारले नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ज्या हिरोशिमा शहरावर अणुबाँब पडला, तेथील शांतिउद्यानात मृतांना वंदन करण्यासाठी लोक येतात. त्याच उद्यानात खेळाची ठाणी व आखाडे उभे राहिले! नगराच्या अधिकाऱ्यांनी विनंती केल्यावर २०१६ च्या स्मृतिदिनापूर्वी ते काढण्यात आले. वॉशिंग्टन येथील ज्यूंच्या संहाराच्या स्मृतिसंग्रहालयालाही, येथे हा खेळ खेळू नका, असे लोकांना सांगावे लागले.

यात खेळाडूंचा दोष नाही असे नव्हे, पण तो थोडा आहे. ज्याने नकाशा रचला त्याचा दोष अधिक. रस्ता सर्वांचा आहे, गल्लीत चेंडू खेळणारी मुलेही शेजाऱ्यांना त्रास देतातच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु काच फुटली, तर चेंडू कोणाचा हे शेजाऱ्याला ठाऊक असते, आणि संध्याकाळी तो त्या मुलाच्या वडिलांकडे जाऊ शकतो. ज्याच्या फाटकाशी अनोळखी माणसे फोन धरून घुटमळू लागली, त्या गृहस्थाने कोणाच्या दारी जावे? अमेरिकेतील अशा काही घरमालकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. अखेर २०१९ मध्ये तडजोड झाली, आणि खाजगी घरांजवळच्या ठाण्यांविषयीच्या तक्रारींचा विचार करण्याची रीतसर व्यवस्था ठेवण्याचे कंपनीने मान्य केले. मैदानाची रेषा आखली गेली. परंतु खेळ सुरू झाल्यावर तीन वर्षांनी.