दोष कारखान्याचा, फेरा कोणाचा?

मोटारीचा हातब्रेक आता बटणावर आला आहे. बटण दाबले की छोटी मोटर मागच्या चाकांचे ब्रेक आवळते. २०१७ साली टेस्ला कंपनीने अशा ब्रेकच्या दोषापायी सुमारे ५३,००० गाड्या परत बोलावल्या. त्यातले दातेरी चक्र तुटले तर लावलेला ब्रेक सुटेना!

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ कलम आले. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते, खर्च कंपनीचा. कायदा चांगलाच आहे.

पण नांदेड-लातूरकडे ज्याने जुनी गाडी घेतली, त्याच्यापर्यंत कंपनीचे पत्र पोहोचेलच असे नाही. पोहोचले आणि इंग्रजीत असले, तर वाचायचे कोणी? आमच्या घरात पहिली पदवी अजून व्हायची आहे! शिवाय काळी-पिवळीवाल्याची गाडी दिवसभर उभी राहिली, तर बुडालेली रोजी कोण भरून देणार?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : सूचना मराठीत हवी, दोन्ही आर.टी.ओ. कचेऱ्यांच्या फलकावर हवी आणि बुडालेल्या दिवसाची भरपाईही हवी. मित्रहो, तोवर निदान आपल्या गल्लीतल्या गाड्यांचे चेसिस नंबर तरी आपण तपासून देऊ या. शिक्षणाचा एवढाही उपयोग नसेल, तर पदवी कशाला?