मासा जगला, म्हणून पाणी निर्दोष?

प्रतिजैविकांच्या कारखान्यांची वकिली करणाऱ्या एका विद्वानांचा युक्तिवाद हल्ली वारंवार कानी पडतो. सांडपाण्यात मासे सोडा, 96 तास थांबा. मासे पोहत राहिले की पाणी निर्दोष, बाकीची ओरड म्हणजे उद्योगद्वेष. सुटसुटीत आहे. परीक्षेला बसवायचा उमेदवारच सोयीने निवडला की निकालाची धाकधूक उरत नाही.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनचेच घ्या. हे औषध जिवाणूंच्या गायरेज या विकरावर घाव घालते. माशाच्या पेशीत ते विकर नसतेच, मग मासा मरावा कशाने? रोग्याला धक्का न लावता जंतू मारावेत म्हणूनच तर ते घडवले. चाचण्यांत लिटरला 10 मिलिग्रॅम मात्रेतही मासे आणि डॅफ्निया हा चिमुकला कवचधारी जीव तगून राहिले. मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाची वाढ मात्र अवघ्या 17 मायक्रोग्रॅमला निम्म्यावर आली, कारण ते मुळात जिवाणूच. नेहमीच्या हिरव्या शैवालावर भिस्त ठेवावी, तर त्याला याच्या हजारपट मात्रा लागली. आता हैदराबादजवळच्या पाटणचेरूकडे वळू. सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. या पाण्यात मासा जगला तरी त्याने सिद्ध काय होणार? हा वाद नवाही नाही. गुरांना मानवलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने त्या गुरांच्या मढ्यांवर जगणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी केली, आणि गुरांसाठी त्यावर बंदी यायला 2006 उजाडले. तपासले तो प्राणी सुखरूप, न तपासलेला संपला. तरी आमचे विद्वान मत्स्यपात्राजवळून हलत नाहीत.

उन्हात औषध विघटते, असेही ते सांगतात. गाळात चिकटलेल्या औषधापर्यंत ऊन पोचत नाही आणि कारखाना रोज नवे सोडतो. खर्चाचे म्हणाल, तर शैवालाची चाचणी माशांच्या चाचणीहून महाग नाही.

तेव्हा प्रतिजैविकाची पहिली चाचणी नीलहरित शैवालावर आणि लेम्ना या तरंगत्या पाणवनस्पतीवर व्हावी. जंतूंत औषधाला प्रतिकार वाढू नये म्हणून मर्यादा वेगळी हवी. सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुरती ती लिटरला 0.064 मायक्रोग्रॅम सुचवली गेली आहे. सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या मर्यादा केंद्र सरकारच्या जानेवारी 2020 च्या मसुद्यात होत्या, 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून गळाल्या. त्या परत आणाव्यात.